दम आणि रक्तदाब सुधारण्यासाठी डोंगरवाटा चालायच्या आहेत: एकच वस्तू घेता येईल, तर कोणती घ्यावी?

सपाटीवरचा (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वय ४४ आहे आणि दिवसाचा बहुतेक वेळ खुर्चीत बसून काम करण्यात जातो. अलीकडच्या तपासणीत रक्तदाब सीमारेषेवर आला आणि वजन उंचीच्या मानाने बरेच जास्त भरले. औषध सुरू करण्याआधी काही महिने नियमित व्यायाम करून पाहावा, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. व्यायामशाळेत माझे मन रमत नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास सपाट रस्त्यावर चालतो, परंतु त्याने आता दम लागत नाही आणि वजनही जागचे हलत नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा डोंगरवाटेने चालावे असे मनात आहे. अनुभव काहीही नाही.

मला तीन गोष्टींबद्दल सल्ला हवा आहे. पहिली खरेदीची. येत्या वर्षात मी या छंदासाठी एकच वस्तू घेऊ शकतो आणि तीही मध्यम किमतीचीच. घरी धावण्याचे बूट आहेत, ते मापात बसतात आणि त्यांच्या तळव्याच्या खाचा अजून झिजलेल्या नाहीत. एक जुनी पाठपिशवीही आहे. दुसरी गोष्ट म्हणजे सुरुवातीला किती अंतर आणि किती चढ घ्यावा. तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे: जिना उतरताना गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला दुखते. तपासणीत सांधे ठीक असून मांडीचे स्नायू कमकुवत असल्याचे निदान झाले आहे. अशा गुडघ्यांनी डोंगर उतरावा कसा?

शिखरार्थी

बुटांवर तडजोड करू नका, हे सर्वांत आधी सांगतो. घोट्याच्या वर येणारे, जलरोधक पापुद्रा असलेले, जाड तळव्याचे बूट घ्या आणि त्यातले उत्तमच घ्या. माझे बूट मी अनेक वर्षे वापरतो आहे, चिखल, ओढे, घसारा (सुट्या दगडमातीचा निसरडा उतार) सगळे त्यांनी पाहिले, पण माझा पाय कधी मुरगळला नाही. शिवाय कंबरपट्ट्याची सॅक, वाऱ्यापावसाचे जाकीट आणि डोक्याला लावायची विजेरी या तीन गोष्टींशिवाय बाहेर पडणे मला तरी योग्य वाटत नाही. एकदाच नीट खर्च केला की पुढे पाहावे लागत नाही.

पाऊलखूण

शिखरार्थी यांच्याशी मी सहमत नाही, आणि धागाकर्त्याने एकच वस्तू म्हटलेले असताना चार वस्तूंची यादी देण्यात काय अर्थ आहे तेही समजले नाही. नवशिक्याला जड बूट हे ओझे आहे. पायात वाढलेले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी पटींनी अधिक थकवते, कारण ते प्रत्येक पावलागणिक उचलून पुढे टाकावे लागते. जलरोधक पापुद्र्याच्या बुटात वरून पाणी शिरले की ते लवकर वाळत नाही, आणि उष्ण हवेत पाय आतल्या घामानेच भिजतो.

माझा सल्ला असा, की घोट्याखालचे, हलके, खोल खाचांच्या तळव्याचे बूट घ्यावेत. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे डोंगरात घालणार, तेच घालून बूट पाहावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी राहिली पाहिजे. उतरणीवर पाय पुढे सरकतो, बोटे टोकाला आदळत राहतात आणि नखे काळी पडतात, ती याच एका कारणाने. दुकानात उताराची फळी असेल तर तिच्यावर उलटसुलट चालून बघा.

शिखरार्थी

हलक्या बुटांचे कौतुक करणाऱ्यांनी घसाऱ्याच्या वाटेवर घोटा मुरगळून बसलेल्या माणसाला खाली आणण्याचा प्रसंग अनुभवलेला नसावा. मी अनुभवला आहे. त्या सोबत्याच्या पायात घोट्याखालचे बूटच होते.

पाऊलखूण

एका प्रसंगावरून नियम ठरत नाही. घोट्यावर आलेल्या कापडामुळे खडे आत जात नाहीत आणि खरचटत नाही, एवढे मान्य आहे. मात्र मुरगळणे टाळण्याचे मुख्य काम घोट्याभोवतीचे स्नायू आणि तोल करतात. रोज दात घासताना एका पायावर उभे राहण्याचा सराव केला, तरी फरक जाणवतो.

जुनी वाट

दोघांच्या वादात एक गोष्ट राहून गेली, ती माझ्या अनुभवातून सांगतो. माझे भारी किमतीचे बूट काही वर्षे कपाटात नीट पुसून ठेवलेले होते. दिसायला ते नव्यासारखे होते. पण ते घालून निघालो आणि अर्ध्या चढावर एका बुटाचा तळवा पुठ्ठ्यासारखा सुटून आला, थोड्या वेळाने दुसऱ्याचाही. पुढे समजले, की तळव्याच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन (एक प्रकारचे प्लॅस्टिक) असेल तर हवेतल्या आर्द्रतेने त्याची रासायनिक फोड होते आणि तो थर ठिसूळ होऊन चुरा पडतो. बूट वापरले नाहीत तरी ही क्रिया थांबत नाही. म्हणून सवलतीत मिळणारे जुन्या साठ्यातले बूट घेताना उत्पादनाचे वर्ष विचारावे, आणि कपाटात पडून राहिलेले बूट आधी घराजवळ चालून तपासावेत.

बाकी आमच्या वेळी साध्या कॅनव्हासच्या बुटांवर लोक हिंडत, हेही सांगितले पाहिजे. हल्ली माणूस डोंगरापेक्षा सामानाचीच चर्चा अधिक करतो, याचे मला वाईट वाटते.

स्नायूबंध

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. त्याला अजून कोणी हात लावलेला नाही.

चढताना हृदय आणि फुप्फुसे थकतात, तर उतरताना मांड्या. उतरणीवर मांडीचा पुढचा स्नायू शरीराचे वजन तोलून धरत असतो, म्हणजे तो ताणला जात असतानाच आकुंचन पावतो. अशा कामाने स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते. तिचे दुखणे त्याच दिवशी फारसे कळत नाही, ते साधारणपणे एक ते तीन दिवसांनी ऐन भरात येते. नवखे लोक पहिल्या ट्रेकनंतर दोन दिवसांनी जिना उतरू शकत नाहीत ते यामुळे. यातली चांगली बाजू अशी, की तोच स्नायू बेताने या कामाला लावला तर पुढच्या वेळी इजा बरीच कमी होते. म्हणजे उतरण्याची तयारी उतरूनच होते, फक्त ती थोड्याथोड्या मात्रेने झाली पाहिजे.

तुमच्यासाठी सराव असा. कमी उंचीच्या पायरीवर एका पायावर उभे राहावे, दुसऱ्या पायाची टाच मनात तीन अंक मोजत हळूहळू जमिनीला टेकवावी आणि पुन्हा वर यावे. गुडघा आत न झुकता पावलाच्या रेषेतच राहिला पाहिजे. सुरुवातीला प्रत्येक पायाने ८ ते १० वेळा, एक दिवसाआड करावे. सौम्य दुखले तर चालेल, पण दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेले असेल तर पायरीची उंची कमी करावी. डोंगरात उतरताना पावले आखूड टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि टाच आपटू नये.

व्यायामाच्या मात्रेबद्दलही थोडे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूबळाचा व्यायाम करायचा असतो. आठवड्यातली एक डोंगरवाट ही रोजच्या सपाट चालण्याची जागा घेणार नाही, म्हणून ते चालणे सोडू नका. श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी, की मध्यम श्रमात माणूस बोलू शकतो पण गाऊ शकत नाही. पहिले काही आठवडे दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग कमी करावा. छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी किंवा विश्रांती घेऊनही न शमणारी धाप जाणवली, तर तिथेच थांबून मदत मागवावी. तसेच तुमचा रक्तदाब सीमारेषेवर असल्याने, चढाचा व्यायाम करणार असल्याचे डॉक्टरांच्या कानावर आधीच घाला.

मोजणीदार

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरात आहे: सपाटीच्या दर ५ किलोमीटरला एक तास धरावा आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास मिळवावा. म्हणजे ६ किलोमीटरची आणि ३०० मीटर चढाची वाट असेल तर १ तास १२ मिनिटे अधिक ३० मिनिटे, असे एकूण १ तास ४२ मिनिटे होतात. यात विश्रांती धरलेली नाही आणि हा हिशोब तंदुरुस्त माणसाचा आहे, त्यामुळे नवशिक्याने त्याची दीडपट धरावी. पहिल्या महिन्यात १५० ते २०० मीटर चढ पुरेसा आहे. पुढे अंतर आणि चढ एकाच आठवड्यात दोन्ही वाढवू नयेत.

एकच वस्तू घ्यायची असेल तर उंची आणि हृदयगती मोजणारे घड्याळ घ्या. माझ्याकडे आहे आणि त्यामुळे माझी प्रगती मला आलेखावर दिसते. ते मध्यम किमतीत बसणार नाही, पण दोन वर्षे थांबून घेतले तरी चालेल.

रानवारा

दोन वर्षे थांबून घड्याळ घेण्यापेक्षा हातातला फोन वापरावा. वाटेचा नकाशा घरूनच उतरवून घेतला तर नेटवर्क नसतानाही जीपीएस चालते. फक्त बॅटरी जपावी आणि परतीची वेळ कोणालातरी सांगून निघावे.

मला वजनाबद्दल बोलायचे आहे, कारण तिथे लोकांची निराशा होते. शक्तिव्ययाच्या प्रचलित तक्त्यांमध्ये डोंगरवाटेचे चालणे विश्रांतीच्या सुमारे ६ पट धरतात, तर साधे सपाट चालणे साडेतीन पटींच्या आसपास. ८० किलो वजनाचा माणूस दोन तास डोंगरात चालला, तर विश्रांतीपेक्षा जास्तीच्या साधारण ८०० किलोकॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे आठवड्यातून एकदा जाऊन, आणि खाणे मुळीच न वाढवता, एक किलो कमी व्हायला सुमारे दहा आठवडे लागावेत. परत आल्यावर भूक खवळते आणि हा हिशोब एका जेवणात पुसला जातो. त्यामुळे पहिल्या महिन्यांत वजनकाट्यावर जीव टांगू नका. तोच चढ कमी थांब्यांत होतो का आणि रक्तदाबाची नोंद काय सांगते, हे पाहा.

पाणी तासाला अर्ध्या लीटरच्या हिशोबाने बरोबर घ्या, ऊन असेल तर जास्त. मात्र तहान नसताना साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. क्षारयुक्त पेये सरसकट घ्यावीत असेही माझे मत नाही, कारण दोन तासांच्या चालीला ती बहुधा लागत नाहीत आणि धागाकर्त्याचा प्रश्न रक्तदाबाचा आहे.

चढणवेडी

वर बुटांबद्दल सांगितलेच आहे, तरी पुन्हा सांगते: बूट मापाचे असावेत. पण बुटांइतकेच मोज्यांकडे पाहा. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ओली त्वचा मऊ पडते आणि घर्षणाने फोड येतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घ्यावेत. त्वचा गरम होऊन चुरचुरू लागली, की तिथेच थांबून चिकटपट्टी लावावी. पुढच्या थांब्यावर बघू म्हटले, की तोवर फोड आलेला असतो.

गटाबरोबर जावे असेही सुचवीन. एकट्याने नवशिक्याने जाऊ नये.

रानवारा

गटाबद्दल माझा अनुभव चांगला नाही. मोठ्या गटात पुढचे लोक धावतात, मागचा माणूस धापा टाकत त्यांच्यापर्यंत पोहोचतो आणि तो पोहोचताच विश्रांती संपवून सगळे निघतात. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते, त्यालाच ती मिळत नाही. समजुतीने थांबणारा एक सोबती पुरेसा आहे.

उतारकरी

गुडघ्यांची तक्रार असताना ट्रेकिंगच्या काठ्यांचे नाव कोणीच घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. उतरताना दोन काठ्या वापरल्या तर शरीराच्या वजनाचा काही भाग हातांवर जातो आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. माझे उतरणे काठ्यांमुळेच टिकून आहे.

शिखरार्थी

पहिल्या दिवसापासून काठ्यांची सवय लावू नये. तोल सांभाळण्याचे काम पायांनी शिकले पाहिजे, आणि खडकावर हातांची गरज असते तेव्हा काठ्या अडचणच करतात. आधी बूट.

पाऊलखूण

या एका मुद्द्यावर माझे आणि शिखरार्थी यांचे एकमत आहे. आधी बूट.

जुनी वाट

बूटच. पण उत्पादनाचे वर्ष पाहून.

सपाटीवरचा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. बहुमत बुटांच्या बाजूने आहे हे दिसते, तरीही मी दोन काठ्या घेतल्या आहेत. माझे धावण्याचे बूट पुन्हा तपासले. पाऊलखूण यांनी सांगितलेली बोटापुढची जागा त्यात आहे, आणि मी ज्या टेकडीवर जाणार तिची वाट मळलेली, कोरडी आणि बिनखडकांची आहे. मला भीती चढाची नव्हती, उतरण्याची होती. मांड्या सशक्त व्हायला काही महिने लागणार असतील, तर तेवढे महिने भार वाटून घेणारी वस्तू मला जास्त गरजेची वाटली.

तीच एक टेकडी मी दर आठवड्याला चढणार आहे. नवनवीन वाटा शोधण्यापेक्षा त्याच चढावर माझ्यात काय बदल होतो ते मला पाहायचे आहे. धाकटा भाऊ सोबत येईल. पायरीचा सराव आजपासून सुरू केला आहे आणि डॉक्टरांनाही विचारून घेतले आहे.

शिखरार्थी

निर्णय तुमचा आहे. पावसाळी वाटेवर मात्र ते बूट घालून जाऊ नका, ओल्या शेवाळलेल्या दगडावर काठी तुम्हाला वाचवणार नाही.

उतारकरी

काठ्या घेतल्याच आहेत तर उंची नीट लावा. सपाटीवर टोक पावलाजवळ टेकवल्यावर कोपर काटकोनात असावे, आणि लांब उतरणीवर काठी ५ ते १० सेंटीमीटर वाढवावी. काठीच्या मुठीला असलेल्या पट्ट्यातून हात खालून वर घालून मग मूठ धरली, की वजन पट्ट्यावर येते आणि बोटे दुखत नाहीत. घसरण्याजोग्या जागी मात्र हात पट्ट्यातून बाहेर काढावा, कारण काठी दगडात अडकली तर मनगट अडकून राहते. उतरताना काठी आधी खाली टेकवा आणि मग पाऊल टाका. आणि निघण्यापूर्वी काठीच्या जोडांवर अंगाचा भार देऊन पाहा, कारण ढिला राहिलेला जोड ऐन उतारावर आत सरकतो.