अनुभव धागा : मुलांचं पहिलं निवासी शिबिर

सुट्टी जवळ आली की तीच चर्चा. एक बाजू म्हणते निवासी शिबिराने मुलं कणखर होतात, स्वावलंबी होतात; दुसरी म्हणते एवढ्याशा जिवाला घराबाहेर कशाला काढायचं? दोन्हीकडे ठाम मतं भरपूर, तपशील कमी. म्हणून हा धागा. मूल पाठवलं असेल, लहानपणी स्वतः गेला असाल किंवा शिबिरात ताई-दादा म्हणून राबला असाल, तर लिहा. ‘आत्मविश्वास वाढला’ एवढ्यावर मात्र सुटका नाही. आधी काय येत नव्हतं आणि आता काय येतं, ते सांगा. फसलेले अनुभव तर हवेतच. फक्त दिवसाची शिबिरं इथे नकोत. संध्याकाळी घरी परतणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी, रात्री तिथेच झोपणाऱ्याची वेगळी.

नऊ वर्षांच्या मुलाची आई

पालकसभेत तिथल्या ताईंनी एकच अट घातली. बॅग मुलाने भरायची, आपण फक्त यादी वाचून दाखवायची. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. लेकाने सगळे मोजे एका कोपऱ्यात कोंबले, टॉर्च पार तळाशी घातली. ‘टॉर्च कधी लागेल रे?’ एवढं विचारून गप्प बसले. जरा थांबला, सगळं उपसलं आणि टॉर्च बाहेरच्या कप्प्यात टाकली. परत आला तेव्हा ओला टॉवेल पिशवीत तसाच कोंबलेला. वास असा की पिशवी गॅलरीत नेऊन उघडली. दोन शर्टांची तर घडीही मोडलेली नव्हती. पण कुठली वस्तू कुठे आहे, हे त्याला न बघता सांगता येत होतं. ‘आई, माझी कंपासपेटी कुठंय?’ ही हाक काही पूर्ण थांबली नाही. आता आधी शोधतो, मग हाक मारतो. खोलीतला पसारा जैसे थे. शिबिराने मूल नीटनेटकं होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

अकरा वर्षांच्या मुलीचा बाबा

माझा अनुभव लेकीचा कमी, माझाच जास्त. फोन करायचा नाही असा तिथला नियम, पण शिबिरवाले रोज संध्याकाळी फोटो टाकायचे. ते मी मोठे करकरून बघायचो. हसतेय का, केस कुणी विंचरले, कालचाच फ्रॉक आहे का. एका फोटोत ती एका बाजूला एकटीच बसलेली दिसली आणि माझं जेवणातलं लक्ष उडालं. आल्यावर विचारलं तर म्हणे, ‘बुटात खडा गेला होता, बाबा.’ पत्र आलं ते तीन ओळींचं. डास आहेत, मजा येतेय, आता थांबते कारण आमचा नंबर आला. कसला नंबर, ते आजतागायत कळलेलं नाही.

शिबिरांत बरीच वर्षं ताई होते

बाबा, असे फोटो बघून आम्हाला रोज फोन यायचे. फोटोत नसलेल्या मुलांच्या पालकांचे तर जास्तच!

घरची आठवण येणं हा आजार नाही, बहुतेक मुलांना ती थोडीफार येतेच. खेळताना येत नाही, हात रिकामे झाले की येते. म्हणजे जेवणानंतरच्या विश्रांतीत आणि दिवे मालवल्यावर. सहसा पहिल्या एक-दोन रात्री जड जातात. अशा वेळी ‘रडू नकोस’ म्हणायचं नाही, हे आम्हाला आधीच बजावलेलं असायचं. शेजारी बसायचं, ‘या वेळी घरी काय चालू असतं?’ म्हणून विचारायचं आणि बोलू द्यायचं. मग एखादं काम हातात द्यायचं. उद्याच्या खेळाचे दोर मोज, सगळ्यांच्या बाटल्या भरल्यात का बघ. एका मुलाचं रोज झोपायच्या वेळी पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. त्याला तंबूची रात्रीची हजेरी घ्यायला लावली. दुखणं लगेच गेलं नाही, पण हजेरीनंतर यायला लागलं. मग कधीतरी सांगायचंच राहून गेलं.

नेमक्या त्याच वेळी घरी फोन जोडून दिला, तर सावरत आलेलं मूल पुन्हा कोसळतं. आणि पालकहो, ‘नाही करमलं तर लगेच न्यायला येतो’ असं कबूल करून कृपा करून पाठवू नका. ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांनी २००७ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात घरच्या ओढीवर लेख लिहिला होता, त्यातही हा इशारा आहे. त्या वाक्यातून मुलाला एकच ऐकू येतं, की आईबाबांनाच वाटतंय मला जमणार नाही. मग पहिल्या रडूबरोबर ते सावरायच्या ऐवजी तुमची वाट बघत बसतं. त्यापेक्षा आधी नातेवाइकांकडे किंवा मैत्रिणीकडे तुमच्याशिवाय एखाददोन रात्री राहू द्या, शिबिराचे दिवस कॅलेंडरवर दाखवा, आणि जायचं की नाही हे ठरवताना त्यालाही विचारात घ्या. ढकलून पाठवलेलं मूल आम्ही बसमधून उतरतानाच ओळखायचो.

नाव नको

माझ्या मुलाचं अंथरूण रात्री कधीकधी ओलं व्हायचं. म्हणून शिबिर हा विषयच बंद ठेवला होता, आणि तो मात्र हट्टाला पेटलेला. शेवटी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. ‘दर वेळी एखादं तरी मूल असतंच’ म्हणाल्या. त्यांनी त्याच्याशीच बसून बेत ठरवला. झोपायची जागा तंबूच्या दाराशी. स्लीपिंग बॅगेच्या पायथ्याशी कोरडी पँट आणि एक पिशवी. रात्री उशिरा फेरी मारताना दादा त्याला हळूच उठवणार. तरीही झालंच, तर अंधारातच कपडे बदलायचे, ओले पिशवीत, आणि सकाळी सगळे तोंड धुवायला गेले की पिशवी ताईंकडे. हे सगळं त्याने घरी माझ्यासमोर दिवा घालवून करून बघितलं. मी बाहेर उभी, आत पिशवीची चुरचुर.

तिथे एकदा झालं. कुणाला कळलं नाही, असं तो सांगतो. शेजारच्या मुलाला कळलं असणार असा माझा अंदाज आहे, पण तोही काही बोलला नाही. त्रास पुढेही काही काळ चालू होता, तो वयाप्रमाणे गेला. पण त्याआधी दुसऱ्याकडे राहायचं नाव काढलं की याचा चेहरा उतरायचा, ते तेव्हापासून बंद झालं.

मी असहमत

सगळं गोड चाललंय म्हणून कडू लिहिते. माझ्या मुलीला तंबूतल्या दोघीतिघींनी वाळीत टाकलं. तिची चप्पल लपवायच्या, ती आली की बोलणं थांबवायच्या. तिने ताईला सांगितलं, तर ‘सवय होईल, असंच घट्ट व्हायचं असतं’ हे उत्तर. आम्ही तिला घेऊन आलो आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. घरची आठवण सोसणं वेगळं आणि छळ सोसणं वेगळं. छळाने कुणी कणखर होत नाही, फक्त सांगायचं बंद करतं.

नंतर दुसरीकडे पाठवली, पण आधी उलटतपासणी घेऊन. रात्री मुलांजवळ कोण झोपतं? एखादा मोठा माणूस आणि एक मूल, असे दोघंच कधी नजरेआड असतात का? औषधं कुणाच्या ताब्यात? ताईबद्दलच तक्रार असेल तर मुलीने कुणाकडे जायचं? अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषात मुक्कामी शिबिरासाठी ६ ते ८ वयाच्या सहा मुलांमागे आणि ९ ते १४ वयाच्या आठ मुलांमागे किमान एक मोठा माणूस धरला आहे. तुमच्याकडे किती, असं सरळ विचारा. उत्तर द्यायला जे कुरकुरतात तिथे पाठवू नका.

लहानपणी गेलेला

वरचा मुद्दा सोळा आणे खरा. मोठी माणसं जवळ हवीतच. फक्त त्यांनी लगेच धावून यायचं नाही, आणि ही कसरत सगळ्यांना जमत नाही.

स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा वीसेक मुलांचे चार गट केले आणि प्रत्येक गटावर एक मुलगाच प्रमुख नेमला. आमच्या शिबिरातही तीच पद्धत होती. एका रात्री पावसाचं पाणी तंबूत शिरायला लागलं. आमचा गटप्रमुख जेमतेम तेरा वर्षांचा. आधी तो आमच्यावर खेकसला, मग स्वतःच घाबरला. आम्ही बॅगा मधोमध रचल्या आणि ताटल्यांनी बाहेर चर खणायला लागलो. चर उताराच्या उलट दिशेला खणला, त्यामुळे पाणी आणखी आत आलं. दादा कंदील घेऊन बाजूला उभे होते, भिजत. बराच वेळ बघून म्हणाले, ‘पाणी कुठून कुठे वाहतंय?’ बस्स, एवढंच. त्यांनी फावडं घेऊन पाच मिनिटांत काम उरकलं असतं, तर मला ती रात्र आठवलीही नसती.

जुळ्यांची आई

छोटंसंच. दोघींना मुद्दाम वेगळ्या गटात टाकलं. पोहताना तिथे जोड्या करतात. शिट्टी झाली की जिथे असाल तिथे जोडीदाराचा हात धरून वर करायचा आणि आपला नंबर ओरडायचा. माझ्या धाकटीचं बोलणं आजवर मोठीच करत आली. तिथे नंबर तिलाच ओरडावा लागला. आता मोठीला जरा करमेनासं झालंय, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

एक प्रश्न

लेक सात वर्षांची. जायचं म्हणते, पण रात्री गोष्टीशिवाय झोपत नाही आणि कापडी ससा लागतो. एक वर्ष थांबू का?

पुन्हा ताई

जायचं ती स्वतः म्हणतेय, म्हणजे निम्मं काम झालं. आधी मावशीकडे एक रात्र ठेवा, गोष्टीशिवाय. फोनवरूनही सांगू नका. सकाळी ‘कशी झोपलीस?’ विचारण्याआधी ‘झोप येत नव्हती तेव्हा काय केलंस?’ ते विचारा. त्याचं काहीही उत्तर आलं, अगदी ‘भिंतीकडे तोंड केलं’ असं जरी, तरी पाठवा. पहिल्या वेळी दोन-तीन रात्रींचंच शिबिर बघा. ससा खुशाल द्या, आमच्या तंबूत बारा वर्षांच्या मुलांच्या उशाखालीही निघायचे. फक्त त्यावर नाव घाला, हरवला तर रात्रभर सगळा तंबू शोधत बसतो.