उत्तरेचा वारा, उतरलेलं पाणी आणि रेडफिश : रॉकपोर्टला पुन्हा जायचंय, सल्ला हवा

गुहागरचा_गळवाला

मंडळी, प्रश्न शेवटी आहे. पण त्या दिवशी काय झालं ते सांगितल्याशिवाय तो कळणार नाही, म्हणून जरा लांबण लावतोय.

आम्ही चौघं मित्र, सगळे ह्यूस्टनच्या आसपास राहणारे. बोट ज्याची आहे तो, नागपूरकर, सोलापूरकर आणि मी. सोलापूरकर जानेवारीत कायमचा घरी परत चाललाय, आईवडिलांकडे. नऊ वर्षं सोबत काढली आणि या नऊ वर्षांत त्याने एकदाही रेडफिश, म्हणजे इथल्या खाड्यांतला तांबूस मासा, पकडला नव्हता. माझं बालपण कोकणच्या खाडीत पाग (फेकायचं जाळं) टाकण्यात गेलं, त्यामुळे ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली होती. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या रॉकपोर्टला जायचं ठरवलं. थंडीची लाट दुपारी तीनच्या सुमारास येईल असा अंदाज होता. म्हटलं, पहाटे उतरू, बाराला परत येऊ.

सुरुवातच वाईट झाली. हायवेवर कूलरचं झाकण उडून गेलं, ते काही सापडलं नाही. रॅम्पवर अंधारात बोट पाण्यात सोडली आणि दोन मिनिटांत पायाखाली पाणी. बुडाचं बूच लावायचं राहिलं होतं. बोट परत ट्रेलरवर ओढून पाणी निथळेपर्यंत पाऊण तास गेला आणि पहाटेची वेळ हातची गेली.

सकाळी आग्नेयेचा उबदार, दमट वारा होता. पाणी इतकं चढलेलं की कालवांच्या खडकांवरून बोट सहज आत गेली. गवताळ किनाऱ्यामागे एक उथळ तळं आहे, त्याच्या पार पोटात जाऊन थांबलो. पाग टाकून बोय मासळी मिळवली, तुकडे करून गळाला लावले. अकरापर्यंत एक टोचणी नाही.

साडेअकराला वारा एकदम पडला. उत्तरेला क्षितिजावर गडद निळी पट्टी दिसली. मी बाह्या गुंडाळून बसलो होतो. दहा मिनिटांत दात वाजायला लागले. त्याच गडबडीत गळ आवरताना एक सोलापूरकराच्या अंगठ्यात काट्यापर्यंत रुतला. तो काढण्यात वेळ गेला, आणि मग आम्ही सगळ्यात मोठी चूक केली. बाहेर खाडीत पांढऱ्या लाटा दिसत होत्या, म्हणून वारा ओसरेपर्यंत तिथेच आडोशाला थांबू म्हणालो. दीड तास थांबलो. वारा ओसरला नाही. पाणी मात्र ओसरलं.

मला कोकणची भरती-ओहोटी माहीत. उधाण कधी, भांग कधी, हे तिथीवरून तोंडपाठ. इथे तिथी कामाची नाही हे मला तेव्हा कळलं. बोट गवतावर बसली. बोटवाला मोटर जोरात चालवून निघू म्हणत होता. मी अडवलं, कारण टेक्सासच्या किनारी पाण्यात पंख्याने समुद्री गवत उपटणं हा गुन्हा आहे, आणि तसं नसतं तरी त्याच गवतात या माशांची पिल्लं वाढतात. सगळ्यांनी लाइफ जॅकेटं घातली, कोरडे होते तेवढे कपडे अंगावर चढवले. मी घाबरलो होतो. तिघांना मीच आणलं होतं.

तेवढ्यात नागपूरकराने हात करून दाखवलं. तळ्यातलं पाणी बाहेर पडायची एक अरुंद नाळ, जेमतेम दहा पावलं रुंद. सगळं तळं त्या एका तोंडातून रिकामं होत होतं. पाण्याबरोबर कोळंबी, खेकडे, बारीक मासळी वाहत येत होती, आणि तोंडाशी तांबूस पाठी वळताना दिसत होत्या.

पाय सरपटत सरपटत, शेपटीला विषारी काटा असलेल्या पाकटावर पडू नये म्हणून, नाळेपाशी गेलो. पहिला मला, चोवीस इंच. मग नागपूरकराला सव्वीस. मग सोलापूरकराची काठी वाकली, अंगठ्याला चिंधी बांधलेली तशीच. रीळ कुईं कुईं करत सुटलं आणि हा माणूस गुडघाभर पाण्यात तोंडातून शब्द न काढता उभा. दहा मिनिटांनी मासा हातात आला. तांब्याचा रंग, शेपटीशी काळा ठिपका, आणि हातात धरल्यावर पोटातून ढुम् ढुम् असा आवाज. आपल्या ढोमी-घोळीच्याच कुळातला हा. हवेच्या पिशवीजवळचे स्नायू थरथरवून तसाच आवाज काढतो. मोजला, साडेएकोणतीस इंच. मर्यादेहून मोठा, पण परवान्यासोबत मिळणारा टॅग लावून ठेवता आला असता. त्याने तो पाण्यात धरून ठेवला, शेपूट जोरात हलायला लागल्यावर सोडला आणि मग तिथेच रडला. आम्ही तिघांनी पाण्याकडे बघितलं.

परतीचं थोडक्यात सांगतो. बर्फ ओतून दिला, सामान डोक्यावर घेतलं, रिकामी बोट नाळेपर्यंत ढकलली. खाडी उत्तर किनाऱ्याच्या आडोशाने पार केली. रॅम्पला लागलो तेव्हा पूर्ण अंधार होता.

आता प्रश्न. सोलापूरकर जायच्या आधी, डिसेंबरात, एकदा पुन्हा जायचंय. त्याला ती नाळ पुन्हा बघायचीय. उत्तरेच्या वाऱ्याने पाणी किती आणि कधी उतरेल, हे आधी कसं ओळखायचं? थंडीच्या लाटेच्या आधी जावं की नंतर? मित्रांना पुन्हा तशा संकटात घालायचं नाही, एवढं नक्की.

---

कॉर्पसकर

गळवाले, वाचताना पोटात गोळा आला. सगळे सुखरूप आलात, बरं वाटलं.

तिथीचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. रॉकपोर्टच्या आतल्या खाडीत चंद्राची भरती-ओहोटी काही इंचांचीच. समुद्राचं पाणी आत येतं ते मोजक्या अरुंद तोंडांतून, त्यामुळे भरती आत पोचेपर्यंत तिचा जीव जातो. तिथे पाणी हलवतो तो वारा. थंडीची लाट यायच्या आधी आग्नेयेचा वारा पाणी खाडीत कोंबतो, म्हणून तुम्ही कालवांवरून सहज आत गेलात. तो चढलेला दिवसच फसवा असतो. मग उत्तरेचा वारा तेच पाणी दक्षिणेला आणि तोंडांतून बाहेर ढकलतो. जोराचा असेल तर फूटभर पाणी काही तासांत जातं, आणि तळंच दीड फुटाचं असेल तर उरलं काय?

ओळखायचं कसं? नोआचं (अमेरिकेची हवामान-सागर संस्था) पाणी मोजायचं केंद्र रॉकपोर्टलाच आहे, एक पोर्ट अरॅन्ससला आहे. त्यांच्या आलेखात दोन रेघा असतात, एक अंदाजाची, एक प्रत्यक्ष पाण्याची. मी फक्त दोन्हींतलं अंतर बघतो. प्रत्यक्षाची रेघ अंदाजाच्या बरीच वर असेल आणि उत्तरेचा वारा सांगितला असेल, तर ते सगळं जास्तीचं पाणी जाणार असं धरून चालायचं, आणि त्याखालीही अजून उतरेल असं धरायचं. हिवाळ्यात तशीही इथली पातळी खालीच असते.

लाटेची वेळ तीन सांगितली तर मी बाराच धरतो. लहान बोटींसाठी इशारा लागला असेल तर बोट ट्रेलरवरून उतरवतच नाही, मग मित्र कितीही लांबून आलेला असो.

कधी जावं? लाटेच्या आदल्या दिवशी मासा चांगला खातो, पण तुम्हाला नाळ हवीय. तर लाट गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वारा मंदावून पूर्वेकडे वळायला लागला की जा. तोवर पाणी खालीच असतं आणि मासा गवतातून निघून खोल कडांना नि नाळांच्या तोंडाशी जमलेला असतो. आणि कृपा करून तळ्यात शिरू नका. बोट नाळेच्या बाहेर, खोल बाजूला नांगरा आणि तिथून आतल्या बाजूला गळ टाका. मासा पाण्याबरोबर तुमच्याकडेच येणार आहे.

किनाऱ्यावर एका माणसाला सांगून जा, कुठे जाताय आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागायची. बोटींवर वापरतात तो एक साधा व्हीएचएफ रेडिओ घ्या, मदत मागायचा चॅनल १६. तळ्याच्या पोटात मोबाइलचा भरवसा नाही.

---

रात्रपाळी

मी इस्पितळात काम करते, म्हणून फक्त त्या अंगठ्याबद्दल. खाऱ्या, कोमट पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात. उन्हाळ्यात जास्त, पण थंडीत अजिबात नसतात असं नाही. गळ, काटा किंवा कालवाचं कवच लागलं की स्वच्छ पाण्याने आणि साबणाने लगेच धुवायचं, आणि ती जखम घेऊन पुन्हा खाडीत उतरायचं नाही. सूज, लाली भराभर पसरायला लागली, ताप आला, तर सकाळची वाट न बघता त्याच तासाला इमर्जन्सीत जा आणि "खाऱ्या पाण्यात जखम झाली" हे आधी सांगा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्याने तर फारच जपावं. आणि गळाचे काटे पकडीने आधीच चेपून ठेवा. गळ सहज निघतो, माशाचाही आणि माणसाचाही.

---

खवलेवाली

त्या दोन माशांचं काय केलंत ते लिहिलंच नाहीत!

इथे राहायला आले तेव्हा मी दुकानात रेडफिश मागितला होता. मग कळलं की टेक्सासने १९८१ मध्येच इथल्या पाण्यातल्या रेडफिशची विक्री बंद केली. जाळ्यांनी खाड्या उपसल्या जात होत्या. पुढे त्याच दशकात न्यू ऑर्लिन्सच्या 'ब्लॅकन्ड रेडफिश' या पदार्थाचं सगळीकडे वेड पसरलं आणि उघड्या आखातातले मोठे, अंडी घालणारे मासे बोटी भरभरून निघाले. संघराज्याच्या हद्दीतल्या त्या पाण्यात आजही रेडफिश ठेवायला मनाई आहे. इकडे राज्याने हॅचरीत पिल्लं वाढवून खाड्यांत सोडली. तुमच्या मित्राने साडेएकोणतीस इंचाचा सोडला ना, ते फार चांगलं केलं. ठेवायचे ते वीस ते अठ्ठावीस इंचांतले, माणशी रोज तीन. त्याहून मोठे झाले की ते समुद्राकडे निघतात, आणि पुढची वीण त्यांचीच.

करायचा असेल तर खवले काढू नका. दोन फाकी करा, कातडी-खवले तसेच ठेवा. मांसाच्या बाजूला हळद, मीठ, आलं-लसूण, मालवणी मसाला आणि आगळ चोळून अर्धा तास. मग खवल्यांची बाजू निखाऱ्याकडे ठेवून वर झाकण. उलटायचा नाही. खवल्यांचीच परात होते आणि मांस आपल्या रसात शिजतं. डोकी टाकली नाहीत ना? डोक्याची कढी ढोमीच्या कढीसारखीच लागते.

---

गुहागरचा_गळवाला

सगळ्यांचे आभार. ताई, अंगठा बरा आहे, पण त्या दिवशी आम्ही तो धुतला नव्हता, नुसती चिंधी गुंडाळून तो पुन्हा पाण्यात उतरला. वाचून अंगावर काटा आला.

खवलेवाली ताई, डोकी आणली होती. रात्री अकराला कढी केली, सोलापूरकराने दोनदा वाढून घेतली.

कॉर्पसकर, तुम्ही म्हणालात म्हणून त्या शनिवारचा रॉकपोर्टचा आलेख आज मागे जाऊन काढला. सकाळी प्रत्यक्षाची रेघ अंदाजाच्या चांगली वर होती आणि दुपारनंतर कड्यावरून पडावी तशी खाली आली. आम्ही थांबलो तो दीड तास त्यात स्पष्ट दिसतो. तो आलेख बोटवाल्याला आणि नागपूरकराला पाठवलाय.

या वेळी शनिवार धरून बसत नाही. तिघांनीही डिसेंबरात सुट्टीचे तीन-तीन दिवस राखून ठेवलेत, लाट जाईल तशी तारीख ठरवू. बूच नवीन घेतलंय, लाल दोरीने ट्रेलरच्या हुकाला बांधलंय. एक शेवटचं विचारतो : नाळेच्या बाहेर नांगर टाकायचा तर ओढीच्या वर की खाली? पाणी जोरात निघतं तिथे, आणि सोलापूरकराला गळ बरोबर तोंडातच टाकायचाय.