चोक बंद केला की स्प्लेंडर बंद पडते? मेन जेट बदलू नका

वर्षभर उभी असलेली कार्ब्युरेटरवाली स्प्लेंडर चोकवर चालते, चोक काढला की मरते. म्हणजे कार्ब्युरेटरमधला स्लो जेट (ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालू असताना पेट्रोल देणारी बारीक भोकाची नळी) तुंबलाय. त्यावर मेन जेट (जास्त ॲक्सिलरेटरला पेट्रोल देणारा) मोठा टाकून काही होणार नाही. स्लोवर इंजिन मेन जेटमधून पेट्रोल घेतच नाही.

पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट बाऊल (कार्ब्युरेटरच्या खालची पेट्रोलची वाटी) उघडा. तळाशी पिवळट चिकट थर दिसेल, तेच सुकलेलं पेट्रोल. स्लो जेट पितळी असतो, खाचेत घट्ट बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच गेली की पंचाईत. कार्ब क्लीनर मारा, मग वायरमधली तांब्याची एकच बारीक तार जेटच्या भोकात घाला. सुई नको, भोक मोठं होतं. उजेडाकडे धरल्यावर गोल ठिपका स्वच्छ दिसला पाहिजे.

कार्ब्युरेटर परत बसवताना मॅनिफोल्डची (कार्ब्युरेटर आणि इंजिनमधल्या नळीची) ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी रिंग, नवीनच टाका, स्वस्त आहे. स्लोवर असताना त्या जोडावर क्लीनरचा फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून हवा खेचतेय.

ट्यूनिंग गाडी गरम झाल्यावरच. मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. तिथून पाव-पाव फेरा फिरवत सर्वात जास्त आरपीएम शोधा, मग स्लो १४०० आरपीएमच्या आसपास आणा.