अनुभव धागा : इंग्रजीचे 'हॅव' आणि आपले 'आहे'

पैसे माझ्याजवळ असतात, गाडी माझ्याकडे असते, भाऊ मला असतो, धीर माझ्या अंगी असतो आणि दारे घराला असतात. इंग्रजीत मात्र या सगळ्यांचे काम एकटे 'हॅव' करते. नाशिकमध्ये अनेक वर्षे प्रौढांना इंग्रजी शिकवताना माझ्या लक्षात आले आहे की, नियम तोंडपाठ असलेली माणसेसुद्धा या एका क्रियापदापाशी अडखळतात. म्हणून नियम बाजूला ठेवून आपले वाक्य कुठे, कोणासमोर अडले आणि पुढे काय झाले, एवढेच येथे लिहावे, ही विनंती.

सुरुवात माझ्यापासून करतो. पहिल्या मुलाखतीत मी 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स' असे म्हणालो. समोरच्या बाईंनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारले, "दुपारच्या जेवणात का?" 'हॅविंग' हे रूप खाण्यापिण्याला चालते, 'वी आर हॅविंग मिसळ' हे वाक्य निर्दोष आहे; पण नात्याला, मालकीला किंवा आजाराला ते चालत नाही. 'आहे' दिसले की आपल्याला 'ॲम' सुचते आणि 'हॅव'ही सुचते, आणि आपण दोघांना एकाच वाक्यात बसवतो.

पिंपळगाव बसवंत, द्राक्ष निर्यातीचे काम

आमच्याकडे जानेवारी ते एप्रिल श्वास घ्यायला वेळ नसतो आणि त्या धांदलीत रॉटरडॅमच्या खरेदीदाराला दिवसाकाठी अनेक पत्रे जातात. 'काल कंटेनर पाठवला आहे' या मराठी वाक्यात कोणालाही काही खटकणार नाही, त्यामुळे मी कित्येक हंगाम 'वी हॅव शिप्ड द कंटेनर यस्टर्डे' असेच लिहीत होते. 'काल' म्हटले की तो काळ संपला, आणि संपलेल्या काळाबरोबर हे 'हॅव' येत नाही. तेथे नुसते 'वी शिप्ड' पुरते. 'या आठवड्यात तीन कंटेनर पाठवले', असे आठवडा चालू असताना सांगायचे असेल, तर 'वी हॅव शिप्ड' योग्य ठरते. खरेदीदाराने चूक कधी दाखवली नाही. नवीन आलेल्या मुलीने दाखवली.

पंचवटी, औषधांचे दुकान

माझी चूक हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. रामकुंडावर देशभरातून लोक येतात आणि ज्यांच्याशी हिंदीही जमत नाही, त्यांच्याशी आम्ही इंग्रजीत बोलतो. दक्षिणेकडून आलेल्या एका गृहस्थांना अंगदुखीची गोळी देताना मला सांगायचे होते की, ही रिकाम्या पोटी घ्यायची नाही. मी म्हणालो, 'यू डोन्ट हॅव टू टेक इट ऑन एम्प्टी स्टमक.' त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून परत आले. त्यांनी माझ्या वाक्याचा अर्थ अगदी बरोबर लावला होता : रिकाम्या पोटीच घेतली पाहिजे असे नाही, म्हणजे तशी घेतली तरी चालेल.

मराठीत 'घ्यायची नाही' ही सरळ मनाई आहे. इंग्रजीत 'डोन्ट हॅव टू' म्हणजे सक्ती नाही, गरज नाही. मनाईसाठी 'मस्ट नॉट' किंवा साधे 'डोन्ट टेक' म्हणावे लागते. 'हॅव टू' म्हणजे 'लागते' हे मी शाळेत पाठ केले होते, पण त्याला नकार जोडल्यावर 'नको' आणि 'गरज नाही' यांची फारकत होते, हे मला त्या गृहस्थांच्या पोटाने शिकवले. तेव्हापासून मी अशी सूचना पाकिटावर लिहून देतो : 'टेक आफ्टर फूड.'

द्वारका, रिक्षाचालक

'चेंज इज नॉट नियर मी.' प्रवासी आजूबाजूला सुट्टे शोधू लागला.

नाशिक रोड, निवृत्त

मी नोटांच्या छापखान्यात नोकरी केली. आमच्या मास्तरांनी 'हॅव यू अ पेन?' असे शिकवले आणि मी ते आयुष्यभर वापरले. नातीने ते चुकीचे ठरवले. 'डू यू हॅव' म्हणावे, असे तिचे म्हणणे. मास्तरांच्या बाजूने एवढे नोंदवतो की, जुन्या ब्रिटिश इंग्रजीत ती रचना रूढ होती. ती चूक नसून जुनी झाली आहे. माझ्याप्रमाणेच.

सातपूर, यंत्रभागांचा कारखाना

आम्ही सुट्या भागांची चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेतो. ग्राहकाला मी लिहिले, 'वी हॅव टेस्टेड द पार्ट्स'. उत्तरात त्याने आमच्या चाचणी यंत्राचे प्रमाणपत्र मागवले आणि आमच्याकडे तर यंत्रच नव्हते! 'केली' आणि 'करून घेतली' हा फरक मराठीत क्रियापदातच दिसतो. इंग्रजीत तो शब्दांच्या जागेवर अवलंबून असतो : 'वी हॅड टेस्टेड द पार्ट्स' म्हणजे आम्ही तपासले होते, 'वी हॅड द पार्ट्स टेस्टेड' म्हणजे आम्ही तपासून घेतले. शब्द तेच असतात. आपण मराठीत शब्द पुढेमागे करण्यास सरावलेलो असल्याने हे डोळ्यांना दिसतच नाही. खुलासा करता करता दोन दिवस गेले. (केस कापून आल्यावर 'आय कट माय हेअर' म्हणणारे आम्ही सर्वच स्वतःचे न्हावी ठरतो, हे त्यानंतर लक्षात आले.)

गंगापूर रोड, गृहिणी

आपण सर्वांनी मराठीतून इंग्रजीत गेलेल्या चुका लिहिल्या आहेत; आमच्या घरी प्रवास उलट दिशेने चालतो. इंग्रजी माध्यमात शिकणारा माझा नातू परवा शेजाऱ्यांना म्हणाला, "माझ्याकडे एक बहीण आहे." शेजाऱ्यांनी विचारले, "राहायला आली आहे का?" मागील आठवड्यात तो शाळेतून लवकर आला आणि म्हणाला, "आजी, माझ्याकडे ताप आहे." त्याला मी 'मला ताप आला आहे' असे म्हणायला शिकवले, तेव्हा त्याने विचारले, "मग गाडी मला आहे की माझ्याकडे आहे?" गाडी आपल्याकडे, ताप आपल्याला, एवढे मी सांगितले. त्यावर त्याने कारण विचारले. ते मला सांगता आले नाही. धागाकर्त्यांना येत असल्यास त्यांनी अवश्य लिहावे.