शून्य सावली एसटी स्टँडवर का नको?

उनाडपक्षी

मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय?’ हा उपक्रम इथे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. जानेवारी २००९ मध्ये सुरू झाला. रविवारी सकाळी शास्त्रज्ञ येतात, चहा असतो, गप्पा होतात, कुणीही यावं. उपक्रम झकासच आहे. पण जागा बघा: जुहूचं पृथ्वी थिएटर आणि माटुंग्याचं रुपारेल कॉलेज. तिथे जायचं तर ‘आज विज्ञान ऐकायला जाऊ’ असं घरून ठरवून निघावं लागतं. आणि जो असं ठरवून निघतो, त्याला पटवायचं फारसं काही उरलेलं नसतं.

माझं म्हणणं असं की माणसं जिथे नाइलाजाने तिष्ठत असतात तिथे विज्ञान न्यावं. एसटी स्टँड, आठवडी बाजार, सरकारी दवाखान्याची ओपीडी, गणपतीच्या दर्शनाची रांग.

सुरुवात शून्य सावलीच्या दिवसापासून करावी. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत महिन्याच्या मध्याला, नागपुरात २६ मेच्या आसपास. दिल्लीकरांच्या नशिबात हे कधीच नाही. दुसरी खेप जुलै-ऑगस्टात असते, पण तेव्हा आभाळ भरलेलं. म्हणजे हाताशी उरतो तो मे महिना. सुट्ट्या, लग्नसराई, स्टँड तुडुंब. सामान काय लागतं? स्टीलचा एक ग्लास, पालथा ठेवायला.

खरी गंमत पुढे आहे. मुंबईत सावली नाहीशी होते ती बाराला नव्हे, १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास. नागपुरात १२ वाजून १० मिनिटांच्या आगेमागे. आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, म्हणजे मिर्झापूरजवळच्या वेळेवर लावलेली आहेत आणि सूर्य मुंबईला उशिरा पोचतो. बाराला जमलेली गर्दी ‘कुठे गेली नाही अजून?’ म्हणून कुरकुरायला लागली की बोलायला सुरुवात करायची. यासाठी सभागृह कशाला हवं?

तिरकस

आमच्या गावच्या स्टँडवर बाराही महिने शून्य सावली असते. पत्रे उडालेत.

खडूस मास्तर

विरोध नोंदवतो. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो.

ग्लासाची सावली गेली, लोक ‘अरे वा’ म्हणाले, फोटो काढले, तेवढ्यात कंडक्टरने डबल बेल दिली. सावली का गेली हे त्यातल्या किती जणांना कळलं? पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि त्यापायी सूर्य वर्षभर उत्तर-दक्षिण सरकताना दिसतो, हे उभ्याउभ्या डोक्यात शिरत नाही. माझ्या वर्गात त्यावर तासामागून तास जातात, तरी परीक्षेत पोरं ‘उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो’ असंच लिहून येतात. (पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला. हेही सांगितलेलं असतं.)

सावलीचा प्रयोग करायचाच तर शाळेच्या आवारात काठी रोवा आणि शाळा उघडल्यापासून दर आठवड्याला तिच्या मध्यान्हीच्या सावलीचं टोक खुणेने मांडत जा. पावसात खुणा धुऊन जातात, पोरं कंटाळतात, वहीत आकडे खोटे भरतात, मग तेही पकडावं लागतं. विज्ञान बरंचसं असंच कंटाळवाणं असतं. ते लपवून नुसती गंमत दाखवणं ही मला फसवणूक वाटते. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, पाहुणे येतात, द्रव नायट्रोजनचा धूर काढतात, टाळ्या घेऊन जातात. १ मार्चपासून प्रश्न मला विचारले जातात. तुमच्याकडे उत्साही माणसं आहेत ना, मग स्टँडवर कशाला, शाळेत पाठवा. महिनाभर टिकणारी पाठवा.

गच्चीवरून

मास्तर, काठीचं शंभर टक्के मान्य. पण जे दिसलेलंच नाही त्याबद्दल कोण विचारायला येणार?

जॉन डॉब्सन नावाचा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत २३ वर्षं संन्यासी होता, म्हणजे रामकृष्ण परंपरेतलाच. मठात राहून दुर्बिणी बनवायचा आणि बाहेर जाऊन लोकांना आकाश दाखवायचा. या गैरहजेरीपायी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्याने फुटपाथवर दुर्बीण लावणाऱ्यांची संघटना काढली. जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसा, पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडचं खोकं. ती खोक्याची बैठक आज जगभरचे हौशी लोक त्याच्या नावाने ओळखतात. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून बोलवायचा, बस्स.

आमचा गट अधूनमधून बाजारपेठेत दुर्बीण लावतो. शनीची कडी पाहून ‘आत चित्र चिकटवलंय का?’ असं विचारणारा हमखास भेटतो. मग तो नळीच्या तोंडाशी हात आडवा धरतो, शनी गायब होतो, हात काढतो, शनी परत येतो. मास्तर, हा प्रयोग नव्हे तर काय आहे? त्याला कुणी सांगितलं नव्हतं करायला.

एक सूचना मात्र धाग्याच्या मालकांना. शून्य सावलीला दुर्बीण मुळीच नेऊ नका. समोर योग्य फिल्टर नसताना कुणी त्यातून सूर्य पाहिला तर डोळा कायमचा जाईल. आणि स्टँडवर एक तरी पोरगं डोळा लावणारच.

सांजवात

सगळं छान चाललंय, फक्त या चर्चेतला ‘माणूस’ पुरुष आहे.

रात्री नऊला बाजारपेठेत दुर्बिणीच्या रांगेत किती बायका असतात हो, गच्चीवरून? स्टँडवर कुणी अनोळखी पुरुष ‘ताई, जरा थांबा, गंमत दाखवतो’ म्हणाला तर मी पर्स घट्ट धरून पुढे जाईन, आणि माझ्या मुलीलाही तेच शिकवलंय. शिवाय बाई स्टँडवर असते तेव्हा एका हाताला मूल, दुसऱ्या हातात पिशवी आणि डोळे फलाटावर. तिला मोकळा वेळ आहे हे तुम्ही परस्पर ठरवलंत.

विज्ञान आमच्यापर्यंत येतच नाही असंही नाही. आशाताईंकडे मीठ तपासायचं किट असतं. चिमूटभर मिठावर थेंब टाकला की आयोडीन असेल तर मीठ जांभळटनिळं होतं. बचत गटाच्या बैठकीत हे झालं की बायका घरी जाऊन डब्यातलं मीठ पुडीत बांधून आणतात. शेजारणीचंही आणतात. त्यात आपल्या घरातली वस्तू असते आणि विचारणारी बाई ओळखीची असते. तुमच्या ग्लासाशी तिचा काय संबंध?

उनाडपक्षी

सांजवात, पटलं. स्टँडवर उभे राहणाऱ्यांत बायका हव्यात, निम्म्या तरी. आणि मिठाचं किट ग्लासाशेजारी ठेवायला माझी काहीच हरकत नाही.

मास्तरांना मात्र उत्तर देतो. तुमच्या शाळेत काठी रोवली तर ती फक्त पोरांना दिसते. त्यांचे आईबाप, आजोबा, हमाल, रसवंतीवाला, यांची शाळा सुटून जमाना झाला. त्यांनी काय करायचं?

खडूस मास्तर

पोरं घरी जाऊन सांगतात की.

बरं, तिष्ठणाऱ्यांचं म्हणता, तर पुण्याचं उदाहरण घ्या. आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या ‘सफर’ प्रकल्पाचे हवेच्या गुणवत्तेचे फलक पुण्यात भर चौकात लागले. सिग्नलला सगळे नाइलाजानेच थांबलेले, तुमच्या अटी तंतोतंत पूर्ण. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, हे त्यातल्या एकाला तरी विचारून बघा. लोक फलकाकडे बघत नाहीत, लाल दिव्याचे आकडे मोजतात.

उनाडपक्षी

फलक कुणाशी बोलत नाही, मास्तर. मी म्हणतोय तिथे माणूस उभा असेल.

वऱ्हाडी ठेचा

पक्षी, नागपूर लिहून मोकळे झालात, नवतपा, मेअखेरचे होरपळीचे नऊ दिवस, विसरलात काय? २६ मेला दुपारी बारा-दहाला उघड्या फरशीवर इकडे कुत्रंही उभं राहत नाही. ग्लास उचलायला फडकं लागेल.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे बाप्पा. सावली, चंद्र, शनी, मीठ. या सगळ्यात कुणाचंच काही बिघडत नाही, म्हणून हे विज्ञान चौकात खपतं. २१ सप्टेंबर १९९५ आठवा, गणपती दूध पीत होता. दिल्लीत शास्त्रज्ञांनी थेट देवळात जाऊन रंग घातलेलं दूध चमच्याने लावलं, ते मूर्तीवरून ओघळताना दाखवलं. पृष्ठताणाने दूध चमच्यातून बाहेर ओढलं जातं, एवढं साधं. यापेक्षा सार्वजनिक जागा कोणती पाहिजे? तरी आमच्या मोहल्ल्यात ज्यांनी पाजलं ते आजही ‘पाजलं’ म्हणूनच सांगतात.

विज्ञान रस्त्यावर आणायचंच असेल तर मिरवणुकीत डेसिबल मीटर आणा. २००० सालच्या नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा. लोकांना वाटतं ६५ म्हणजे थोडंसंच जास्त. दहाने वाढलं की ध्वनीची तीव्रता दहापट होते, वीसने वाढलं की शंभरपट. हे गणित मोठ्या अक्षरात लिहून डीजेच्या भिंतीसमोर धरा. मग बघू किती जण ‘अरे वा’ म्हणतात.

गच्चीवरून

ठेचा, म्हणजे लोकांशी भांडण झालं तरच ते विज्ञान का? शनी बघून घरी गेलेल्या माणसाने कुणाचं वाईट केलं?

वऱ्हाडी ठेचा

वाईट नाही केलं. पण त्याला ‘प्रसार’ म्हणू नका, करमणूक म्हणा. करमणुकीला माझा विरोध नाही, मीच लायनीत पहिला असतो.

उनाडपक्षी

इथे मी अडून बसणार. ज्याने स्वतः ग्लास ठेवून पाहिलं की घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा वेगळे, त्याला उद्या मीटरवरचा आकडा परका वाटणार नाही. उलट क्रमाने गेलात तर मीटर म्हणजे पोलिसांचं यंत्र होतं आणि लोक तुम्हाला सरकारी माणूस समजतात. ओळख आधी, तक्रार नंतर.

सांजवात

ओळख व्हायला दरवर्षी तोच माणूस त्याच स्टँडवर दिसावा लागतो. येणार आहात का दरवर्षी?

मांडवीकाठ

आमच्याकडे पणजीत ही सावली मेच्या सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांतच जाते, म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या आधी. कदंबाच्या स्टँडवर मी ग्लास ठेवतो. परवानगी लागते का, की ठेवून मोकळं व्हायचं?

खडूस मास्तर

ठेवा. पण त्याआधी महिनाभर, रोज मध्यान्हीला त्याच जागी सावली मोजा आणि आकडे इथे टाका. मग मी तोंड बंद करतो. (आकडे खोटे भरले तर मला कळतं.)

वऱ्हाडी ठेचा

आणि पक्षी, तुम्ही यंदा गणपतीत नागपूरले या. एका कोपऱ्यात तुम्ही ग्लास घेऊन उभे राहा, दुसऱ्यात मी मीटर घेऊन राहतो. आधी कोणाले हाकलतात ते पाहू.