‘फाळणी’ की ‘वाटणी’?

खानापूर (प्रश्नकर्ता): आमच्या गल्लीतील एका वृद्ध मुस्लिम गृहस्थांच्या आठवणी मी दख्खनीतून मराठीत उतरवीत आहे. त्यांचे एक वाक्य असे: ‘बटवारे के बाद बडा भाई कराची कू गया, उसका हिस्सा यहींच है.’ मी ‘फाळणीनंतर’ असे लिहिले होते. वाचून दाखवताच त्यांनी मला थांबवून ‘वाटणीनंतर लिहा’ असे सांगितले. घराची वाटणी की देशाची, असे विचारले तर म्हणाले, दोन्ही एकाच वर्षी झाल्या. आता काय लिहावे?

निपाणी: ‘फाळणी’च लिहावे. १९४७ साठी तोच शब्द रूढ आहे. वाटणीला पंच बसतात, भाऊ समोर असतात, कोणाला काय आले ते उठण्यापूर्वी कळते; रॅडक्लिफची सीमारेषा मात्र १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाली आणि तोवर लाहोर-अमृतसरकडच्या गावांना आपण कोणत्या देशात आहोत हेच अधिकृतपणे ठाऊक नव्हते. फाळणे म्हणजे चिरणे, आणि घडलेही तसेच.

चिकोडी: आपण सारे घरफाळा, म्हणजे घरपट्टी, भरतो, पण त्यासाठी घर कोणी चिरत नाही. फाळा म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेली रक्कम. कन्नडात ‘पालु’ म्हणजे वाटा, आणि फाळ्याचे नाते तिथे असावे असे माझे जुने मत आहे.

निपाणी: नांगराचा फाळही मग कन्नडच म्हणायचा काय? तो संस्कृत आहे, आणि फाळणीही त्याच घरातली.

चिकोडी: सीमाभागात राहून शेजारच्या भाषेचे एवढे वावडे बरे नव्हे.

शहापूर, बेळगाव: मला नामापेक्षा क्रियापद महत्त्वाचे वाटते. १९०५ मध्ये बंगालचे तुकडे झाले त्याला मराठीत ‘वंगभंग’ म्हणत, आणि भंग म्हटला की तो करणारा कर्झन लगेच डोळ्यांपुढे येई. ‘फाळणी झाली’ या शब्दांत करणारा कोणीच दिसत नाही. वडिलांच्या बैठकीत ‘केली’ म्हणणारे दोन पक्ष होते. एक लीगचे नाव घेई, दुसरा काँग्रेसचे, आणि इंग्रजांची आठवण चहाचे कप उचलताना होई. सीमाप्रश्नाच्या भाषणांत १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला त्या दिवसालाही, कोणी ‘फाळणी’ म्हणतो, ते मात्र मला खटकते. त्या दिवशी येथून प्रेतांनी भरलेली रेल्वे सुटली नव्हती.

चिकोडी: माणसे हलली नाहीत, राज्य बदलले, हे मान्य, पण मग त्या दिवसाला शब्द कोणता?

निपाणी: ‘भाषावार प्रांतरचना’ हा शब्द आहेच.

चिकोडी: तो सरकारी कागदावरचा. घरात असे कोण बोलतो?

खानापूर (प्रश्नकर्ता): मसुद्यात तूर्त ‘बटवारा’च ठेवला आहे. घरफाळ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो: काल त्या गृहस्थांना ही चर्चा वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी कपाटातून पावत्यांची चळत काढली. भावाच्या हिश्शाचा फाळाही इतकी वर्षे तेच भरत आले आहेत, आणि पावतीवर नाव अजून कराचीच्या भावाचेच आहे.