स्पॅनिश मैत्रिणीला इंग्लिश फ्रेजल व्हर्ब्ज कशी शिकवायची?

व्हॅलेन्सियावासी:
मंडळी जरा मदत हवीय. इथे स्पेनमधे इन्तरकाम्बिओ म्हणून प्रकार असतो, कॅफेत बसून थोडा वेळ त्यांची भाषा बोलायची थोडा वेळ तुम्हाला येते ती, पैशांचा संबंध नाही, कॉफी ज्याची त्याने. माझी जोडीदारीण नर्स आहे, सरकारी भाषाशाळेतून इंग्लिशच्या बी-टूच्या (मधल्यापेक्षा वरच्या पातळीच्या) परीक्षेला बसतेय. व्याकरण खरं तर माझ्यापेक्षा पक्कं. पण फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ, आउट असा छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ होतो ते, आलं की गाडी अडलीच. टॉलरेट, पोस्टपोन, इन्व्हेस्टिगेट हे फटाफट येतं, त्याच अर्थाचे पुट अप विथ, पुट ऑफ, लुक इन्टू मात्र ऐकले की कळतात आणि तोंडातून काही निघत नाहीत. परवा शेजाऱ्याबद्दल म्हणाली 'आय कान्ट सपोर्ट हिम', मी म्हटलं कशाला सपोर्ट करायचाय त्याला, तर म्हणे अगं तसं नाही, तो मला सहन होत नाही! क्लासमधून 'गेट'ची एक लांबलचक यादी मिळालीय आणि 'पुट'ची दुसरी, पाठ करते आणि आठवड्याभरात सगळा काला. कुणी स्पॅनिशवाल्यांना शिकवलंय का?

तिरकस_पेठकर:
यादी रद्दीत द्या. गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे एका पानावर एकाखाली एक वाचल्यावर कुणाचाही काला होईल, त्याला स्पॅनिश असायची गरज नाही.

सांजवेळ:
मी ऑनलाइन शिकवते, बरेचसे विद्यार्थी कोलंबिया आणि मेक्सिकोचे. तुमची मैत्रीण कच्ची नाहीये हो, तिच्याकडे पळवाट तयार आहे एवढंच. पोस्पोनेर, तोलेरार, इन्व्हेस्तिगार हे तिचे घरचे शब्द, शेपटी बदलली की इंग्लिश झालं, मग पुट ऑफच्या वाटेला जाईल कशाला? 'सपोर्ट'चा घोळही तोच, सोपोर्तार म्हणजे सहन करणं. त्यात गंमत अशी की इंग्लिशमधे हे लॅटिन शब्द जरा कोट-टाय घातलेले, त्यामुळे दुधाची पिशवी आणायला निघालेला माणूससुद्धा कोर्टात उभा असल्यासारखा बोलतो.

दुसरं म्हणजे दिशा. आपण आत जा, बाहेर ये, वर जा, खाली ये असं म्हणतो, दिशा वेगळ्या शब्दात. स्पॅनिशमधे ती बहुतेकदा क्रियापदाच्या पोटातच, एन्त्रार, सालिर, सुबीर, बाहार. लिओनार्ड टाल्मी म्हणून भाषाशास्त्रज्ञ आहेत त्यांनी भाषांची यावरूनच विभागणी केलीय, त्यांचं बाटलीचं उदाहरण प्रसिद्ध आहे, इंग्लिशमधे बाटली 'फ्लोटेड इन्टू द केव्ह' आणि स्पॅनिशमधे ती तरंगत तरंगत गुहेत 'प्रवेश करते'. म्हणजे इन, आउट, अप, डाउन हा जो छोटा तुकडा इंग्लिशमधे अर्धं काम करतो तिकडे तिचं लक्षच जात नाही, ती गेट आणि पुटकडे बघत बसते.

म्हणून मी तुकडा धरून शिकवते. 'आउट' घ्या, रन आउट, सेल आउट, वेअर आउट, बर्न आउट, सगळीकडे काहीतरी संपतंय. सगळीच अशी सरळ बसत नाहीत, पण सुरुवातीला हात धरायला काहीतरी लागतं.

माजी_कॉलसेंटर:
हे तुकड्यांचं पटतंय पण परीक्षा तोंडावर आहे ना. २००७ मधे गार्डनर आणि डेव्हिस या दोघांनी ब्रिटिश इंग्लिश मजकुराचा मोठा साठा मोजला होता, त्यात नुसती २५ फ्रेजल व्हर्ब्ज एकूण वापराच्या जवळजवळ तिसरा हिस्सा निघाली आणि १०० धरली तर निम्म्याच्या वर. नंतर २०१५ मधे गार्निए आणि श्मिट यांनी १५० ची यादी केली, त्यात प्रत्येकाचे जे अर्थ खरंच चालतात तेवढेच ठेवले, एकूण २८८. ते एवढं केलं तरी खूप झालं. पेठकर, सगळ्याच याद्या रद्दीच्या नसतात.

तिरकस_पेठकर:
बरं, ही ठेवा. ती अक्षरांच्या क्रमाने लावलेली द्या रद्दीत.

न्यूजर्सीची_सून:
माझ्या ऑफिसात पोर्तो रिकोच्या बायका आहेत, त्या स्पॅनिशमधेच 'ते यामो पा-त्रास' म्हणतात, कॉल बॅक जसंच्या तसं उचललेलं. म्हणजे कानावर रोज पडलं की फ्रेजल व्हर्ब थेट स्पॅनिशमधेसुद्धा घुसतं. स्पेनच्या मैत्रिणीपुढे हे म्हणू नका फक्त, तिला झटका येईल.

व्हॅलेन्सियावासी:
सगळ्यांना धन्यवाद! 'आउट' आजच करून बघते. पण ईट अप, ड्रिंक अप मधला 'अप' कसा सांगू? तिथे वर काहीच जात नाही. मराठीत 'खाऊन टाक' म्हटलं की झालं, तिला कुठे टाकू?

सांजवेळ:
तिच्याच भाषेत आहे की! कोमेर म्हणजे खाणं आणि कोमेर्से म्हणजे खाऊन टाकणं, बेबेर आणि बेबेर्सेचं तसंच. इर म्हणजे जाणं, इर्से म्हणजे निघून जाणं, गो अवे. तो 'से' दाखवा आणि म्हणा इंग्लिशमधे हे काम बऱ्याचदा अप, अवे, डाउन करतात. प्रत्येक ठिकाणी लागू पडेल असं नाही, पण चेहरा बघा तिचा.

आणि 'टर्न ऑफ इट' म्हणत असेल तर 'आपागालो' आठवायला सांगा, बंद कर ते. तिथे 'लो' (म्हणजे 'ते') क्रियापदाला चिकटतो ना, तसाच 'इट' टर्नला चिकटवायचा आणि ऑफ मागून येऊ द्यायचा, टर्न इट ऑफ. पण हे लुक आफ्टरला लावू नका, तिथे 'लुक आफ्टर हिम'च. बोलताना जोर ऑफवर, आणि तिन्ही शब्द एका दमात, टर्निटॉफ. सुटं सुटं म्हणायला शिकवलंत तर परीक्षेच्या ऑडिओत तिला ते ओळखूच येणार नाही.